ब्वेनोस आइरेसच्या पारिशात जेवायला जाताय? या चुका टाळा

अर्जेंटिनात जाळीलाही पारिशा म्हणतात आणि त्या जाळीवर मांस भाजून देणाऱ्या हॉटेलालाही. तिथल्या बहुतेक चुका घाईतून होतात.

संध्याकाळी सातला पोटात कावळे ओरडू लागले म्हणून निघालात, तर दार बंदच दिसेल. रात्रीचं जेवण आठनंतर सुरू होतं, गर्दी साडेनऊ-दहाला. पाचच्या सुमारास तिथल्या लोकांसारखी कॉफी आणि मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा छोटा क्रॉसाँ, घेऊन टाका.

ऑर्डर दिल्यावर वेटरला सारखं विचारू नका. जमलं तर विस्तवाजवळचं टेबल मागा, म्हणजे वेळ का लागतो ते दिसेल. लाकूड बाजूला जळत असतं. आसादोर, म्हणजे मांस भाजणारा, फावड्याने फक्त निखारे ओढतो, जाळीखाली पसरतो, जाळीवर तळहात धरून धग जोखतो, मग चार निखारे इकडचे तिकडे करतो. बऱ्याच जाळ्यांच्या पट्ट्या पन्हळीसारख्या असतात आणि जाळी किंचित उतरती. चरबी त्यातून पुढे वाहते, निखाऱ्यांवर पडून भडका उडत नाही. ज्वाळेवर मांस करपतं, निखाऱ्यावर शिजतं. आसादो दे तीरा, म्हणजे बरगड्यांची आडवी कापलेली पट्टी, अशाच धगीवर निवांत भाजावी लागते.

नावांनी फसू नका. बिफे दे चोरिसो म्हणजे सॉसेज नव्हे, तो पाठीकडचा जाड तुकडा. नुसतं चोरिसो म्हणजे सॉसेज. आणि एकेक तुकडा मोठा असतो, दोघांत एक पुरतो. माणशी एक मागवलात तर निम्मं ताटातच राहील. मला विचाराल तर एंत्रान्या, म्हणजे पोटाच्या पडद्याचा तुकडा, घ्या: पातळ, रसाळ, चवीला सगळ्यांत दाट.

आतून गुलाबी हवं असेल तर ‘हुगोसो’ म्हणा. ‘आ पुंतो’ म्हटलंत तर अपेक्षेपेक्षा जास्त शिजून येऊ शकतं. कमी वाटलं तर परत पाठवा, दोन मिनिटं जाळीवर ठेवून देतील. जास्त भाजलेल्याला इलाज नाही. पहिला घास नुसत्या जाड मिठाबरोबरच खा. चिमिचुरी नंतर, तीही चमचाभर. पार्सली, लसूण, ओरेगानो, व्हिनेगर. आपल्या ठेच्यासारखी झणझणीत नसते.

पारिशादा म्हणजे मिश्र ताट. त्यात चिंचुलीनेस, म्हणजे आतडी, आणि मोर्सीशा, म्हणजे रक्ताचं सॉसेज, असू शकतं. घरी वजडी-रक्ती आवडीने खाणाऱ्यांनी जरूर मागवावं, इतरांनी आधी विचारावं.

बीफ न खाणाऱ्यांनी आणि शाकाहारींनी इथे खास जपा. तिथे ‘कार्ने’ म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात गाईचंच मांस येतं. म्हणून ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढंच सांगितलंत तर चिकन किंवा हॅम ताटात येऊ शकतं. एकेकाचं नाव घेऊन सांगा: सिन पोशो (चिकन नको), सिन हामोन (हॅम नको), सिन पेस्कादो (मासे नकोत). चोरिसोतही बऱ्याचदा डुकराचं आणि गाईचं मांस एकत्र असतं. प्रोवोलेता मात्र मागवाच. चीजची जाड चकती, वर ओरेगानो, कडा खरपूस, मध्ये वितळलेली. गरम आहे तोवर पावाबरोबर खा, गार झाली की चिवट होते. जाळी सगळ्यांना एकच असते. ते चालत नसेल तर लोखंडी तव्यातली मागा.

जेवण झालं तरी बिल आपणहून आणत नाहीत. ते दुर्लक्ष नव्हे, गप्पांना दिलेली सवड आहे. निघायचं असेल तर ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा. बिलात ‘कुबिएर्तो’ दिसलं तर ते पाव आणि टेबलाचे पैसे, टिप नव्हे. टिप साधारण 10 टक्के, शक्यतो रोख.