वृद्धाश्रम बघायला गेलात की आधी शेवटच्या खाटेपाशी जा

अंबाजोगाईच्या स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मी 32 वर्षं सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून ओळखीच्यांचे फोन येतात. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत, गावाकडं आई एकटी. न्हाणीत पडली, आता तिला एकटीला ठेवणं होत नाही. "सिस्टर, अमुक ठिकाण कसंय, एकदा बघून येता का?" मी जाऊन येते. लातूर, परळी, नांदेड, परभणीकडची बरीच ठिकाणं अशीच बघून झाली. प्रत्येकाच्या सोबत जाणं आता गुडघ्यांमुळं जमत नाही, म्हणून काय बघते ते लिहून ठेवते.

फोन करून वेळ ठरवून जाऊ नका. पहिल्यांदा गेलात तर ते बाग दाखवतील, देवघर दाखवतील, देणगीदारांच्या नावाची पाटी दाखवतील. बघा, नमस्कार करा आणि विचारा, "जे अंथरुणाला खिळलेत ते कुठंयत?" बोलतीचालती आजी कुठंही पाणी मागून घेते. जिला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, तिचं कसं चाललंय यावर त्या जागेची पारख होते. पुढंमागं तुमची आईही त्याच खाटेवर असणार आहे.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत मी हे केलं नव्हतं. नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. मावसभावानं एक जागा ठरवली, मी घाईत जाऊन स्वच्छ फरशी बघितली आणि हो म्हटलं. तीन महिन्यांनी तिला भेटले तेव्हा ओठ सुकलेले, लघवी गडद. पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला. म्हटलं, मावशे, पाणी का पीत नाहीस? म्हणाली, "पाणी पेलं की उठावं लागतंय माय, अन् उठवाया कुणी येत न्हाई." पायमोजा काढला तर टाचेला रुपयाएवढी काळी पडलेली जखम. हाताखालून शेकड्यांनी बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, गेलेली मी बाई, माझ्याच माणसाची टाच मी बघितली नव्हती. तिथून तिला आम्ही घरी आणलं.

म्हणून पहिली तपासणी पाण्याची. तांब्या भरलेला आहे की नाही यावर थांबू नका. तो हाताला पुरतो का, शेजारी घंटी किंवा बेल आहे का, आणि ती वाजवल्यावर किती वेळात माणूस येतं, हे घड्याळ लावून बघा. संडासला न्यायला माणूस नसेल तर म्हातारी माणसं आपणहून पाणी तोडतात. त्यातून लघवीचं इन्फेक्शन, मग ताप, मग बरळणं, आणि घरचे म्हणतात वयामुळं डोकं फिरलं. सगळ्यांना सरसकट डायपर लावलेलं दिसलं तर समजा की उठवायला माणसं नाहीत.

दुसरी तपासणी कातडीची. परवानगी घ्या, आजींना विचारा, आणि माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं बघा. लालसर जागेवर बोट दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. लाली तशीच राहिली तर बेडसोअर सुरू झाला. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. त्याची नोंदवही मागा आणि अक्षर बघा. आठवड्याभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या लगेच कळतात. पहाटे 2 आणि 4 च्या नोंदीही दिवसपाळीच्या मावशीच्याच अक्षरात असतील तर तिला प्रेमानं विचारा, "मावशी, रात्री तुम्हीच असता का?"

रात्रीचं हे व्यवस्थापकाला विचारण्यात अर्थ नाही. आया, मामा, स्वयंपाकाच्या बाई यांना विचारा. रात्री 9 नंतर किती माणसं असतात, एखाद्याला धाप लागली तर फोन कोण करतं, 108 च्या गाडीत सोबत कोण बसतं. तीस जणांमागं एकच बाई, तीही दारापाशी झोपलेली, असं मी बघितलंय. त्या बाईला दोष देऊ नका, तिला बारा तासांची ड्युटी आणि तुटपुंजा पगार असतो. शक्य असेल तर एकदा संध्याकाळी 7 ला आणि एकदा रविवारी दुपारी जाऊन या. सकाळी 11 ला गेलात आणि सगळीच्या सगळी माणसं गाढ झोपलेली दिसली तर झोपेच्या गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर चालू आहेत ते विचारा.

जेवणाच्या वेळेला बसा. पदार्थ चांगले असतातच, पाहुणा आलाय म्हणून शिराही होतो. बघायचं ते वेगळं. दात नसलेल्यांना भाकरी वरणात कुस्करून देतात का, ज्वारीच्या कण्या, आंबील, मऊ खिचडी असं काही करतात का? झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालत असतील तर ती जागा सोडा. घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. माणूस उठवून बसवलेला हवा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसलेला हवा. आणखी एक, कर्मचाऱ्यांना लवकर जायचं म्हणून बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण 6 लाच उरकतात आणि दुसऱ्या दिवशी नाष्टा 9 ला. मधे पंधरा तास. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची साखर पहाटे एवढी उतरते की घाम फुटून माणूस बेशुद्ध होतो. झोपताना दूध, दशमी काहीतरी मिळतं का ते विचाराच. इन्सुलिन आधी आणि ताट तासाभरानं, असंही होतं. इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या फ्रीजच्या दारात 2 ते 8 अंशांत हव्यात, बर्फाच्या खणात चालत नाहीत. वापरात असलेल्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली हवी. प्रत्येकाच्या औषधांचा डबा वेगळा, त्यावर नाव. सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रेमध्ये सुट्या पडलेल्या दिसल्या तर त्यापुढं मी काही बघतच नाही.

आपल्या मराठवाड्याची परीक्षा उन्हाळ्यात होते. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. तेव्हा सरळ विचारा, मे महिन्यात पाणी कुठून येतं, टँकर चुकला तर किती दिवस पुरतं, टाकी शेवटची कधी धुतली, टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कोण टाकतं. पाणी कमी पडलं की आधी अंघोळी बंद होतात, मग चादरी धुणं. वरच्या मजल्यावर पत्रे असतील तर दुपारी 3 ला तिथं दहा मिनिटं उभं राहा. 42 अंशांत म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचंही नीट कळत नाही. कूलर असेल तर त्याला अर्थिंग आहे का ते विचारा. लोखंडी कूलरचा शॉक हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात आहे. त्यातलं पाणी आठवड्याला बदलत नसतील तर डेंग्यूचे डास तिथंच वाढणार.

न्हाणीघरात स्वतः चपला काढून जा. ओल्या शहाबादी फरशीवर तुमचा पाय सरकला तर त्यांचं काय होईल? कमोडच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडा, रात्रभर जळणारा दिवा, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. दांडा हलवून बघा, कित्येक नुसते स्क्रूवर लटकत असतात. खुब्याचं हाड मोडलेली आजी आमच्या वॉर्डात आली की मी पहिल्यांदा विचारायची, कुठं पडलात? उत्तर बहुतेक वेळा न्हाणीचंच असायचं.

आग लागली तर? चॅनल गेटला रात्री कुलूप असतं, किल्ली कुणापाशी आणि ती व्यक्ती कुठं झोपते ते विचारा. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्टीत हवा. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावा लागतो. तो बघायला मागा.

कागदांचं थोडक्यात सांगते. नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडं खाजगी दवाखानाच समजतात आणि वृद्धाश्रम निराळा. पण जिथं आजारी माणसं ठेवून सलाईन, नाकातली नळी असे उपचार चालतात तिथं 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी मागा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक. कराराच्या कागदात तीन गोष्टी शोधा: अनामत परत कधी मिळते, आजारी पडल्यावर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि खर्च कुणाचा, माणूस आणखी खंगला तर ठेवतात की घेऊन जा म्हणतात. पासबुक, एटीएम कार्ड, शेताचे कागद तिथं ठेवू नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कोण नेतं, श्रावणबाळ योजनेचे पैसे असतील तर ते कोण काढतं, हे ठरवून घ्या. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाह मागता येतो. आईवडिलांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अडचण आली तर एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या मदतसेवेचा 14567 हा फुकट नंबर आजींच्या मोबाईलमध्ये टाकून द्या आणि मोठ्या अक्षरात लिहून उशाशी चिकटवा.

ठेवल्यावर पहिला महिना जपा. दाखल करण्याच्या दिवशी तिथल्याच काट्यावर वजन करून तारखेसह लिहून घ्या. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे, "नवीन जागा आहे, रुळतील" यावर ऐकून घेऊ नका. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांच्यावर नाव टाका. ही तीन गेली की माणूस आठ दिवसांत गप्प होतो. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, टाच दिसत नाही. महिन्यातून एकदा कुणीतरी घरचं माणूस प्रत्यक्ष जाऊ द्या. गेलात की "बरंय ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर "बरंय" असंच येतं. पायमोजे काढा, तेल लावून द्यायला बसा आणि हळूच विचारा, "आज सकाळपासून किती भांडी पाणी पिलीस?"