प्राणिसंग्रहालयातील सस्तन प्राण्यांची लेप्टोस्पायरोसिस तपासणी
केवळ रक्त काढण्याकरिता प्राण्याला भूल देण्याऐवजी, दाताच्या किंवा जखमेच्या उपचारासाठी ती दिली असतानाच या जिवाणूजन्य आजाराच्या तपासणीसाठी नमुना घ्यावा. रक्त गोठल्यावर सीरम (वर राहणारा पिवळसर द्रव) वेगळे करून ते थंड ठेवावे आणि सोबत लसीकरणाची नोंद अवश्य जोडावी. लसीमुळेही प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) आढळतात, त्यामुळे ही नोंद जोडायची राहिली की अहवालाचा अर्थ लावणे कठीण होते. सूक्ष्मदर्शकीय समूहन चाचणीत (सीरममुळे जिवाणू एकमेकांना चिकटतात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात) प्रतिपिंडे एकदा दिसली, तर लस न दिलेल्या प्राण्याचा जिवाणूंशी संपर्क आल्याचे कळते, आजार सिद्ध होत नाही. सुमारे २ आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात त्यांचे प्रमाण किमान ४ पट वाढले असेल, तर संसर्ग अलीकडचा समजावा. खाद्यकोठारातील उंदीर-घुशींचा बंदोबस्त मात्र अहवालाची वाट न पाहता करावा, कारण त्यांच्या मूत्रातून हे जिवाणू पसरतात.