डेल्फ्टचं तिकीट काढण्याआधी घरासाठी नाव नोंदवा

नेदरलँड्सला मास्टर्ससाठी जाणाऱ्यांची तयारी बहुधा व्हिसा, फी आणि प्रेशर कुकर या क्रमाने होते. घराचा नंबर त्यानंतर लागतो, तोवर जून उलटलेला असतो. तिथली स्वस्त, सामाजिक भाड्याची (म्हणजे नियमाने भाड्यावर मर्यादा असलेली) घरं मोठ्या प्रमाणावर गृहसंस्थांच्या, म्हणजे घरं बांधून भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थांच्या, हातात आहेत. ती मिळवताना खिशातल्या पैशापेक्षा नाव कोणत्या तारखेला नोंदवलंत हे जास्त मोलाचं ठरतं. म्हणून पहिलं काम आजच करण्यासारखं: 'रूम' या विद्यार्थी-घरांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. डेल्फ्ट, लायडन, हेग, ॲमस्टरडॅम इथल्या विद्यार्थी-खोल्या त्यावर येतात. शुल्क एकदाच, 35 युरो. वयाची 16 वर्षं पूर्ण असली की पुरे. प्रवेशाचा पुरावा खोली स्वीकारताना लागतो, नोंदणीला नाही. प्रवेश नाहीच मिळाला तर 35 युरो गेले, एवढंच.

विद्यापीठामार्फत पहिल्या वर्षासाठी सामानासकट खोली मिळते, तेव्हा बरेच जण निर्धास्त होतात. पण तो करार बहुधा वर्षाचाच असतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये थीसिस, नोकरी आणि खोली तिन्ही एकदम अंगावर येतात. त्या वेळी आधीच्या वर्षी केलेली नोंदणी कामाला येते.

कागदांपैकी जन्मदाखल्याकडे घरी असतानाच बघा. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर अनेकदा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची असतात. कुठे वडिलांचं नाव मधलं म्हणून येतं, तर कुठे ते आडनावालाच चिकटलेलं असतं. पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून, महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून इंग्रजी मजकुराचा नवा दाखला काढा. मग राज्य शासनाचं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. यात आठवडे जातात, आणि तिकडून हे सगळं करायचं म्हणजे गावाकडच्या काकांना रजा काढायला लावायची. हा दाखला लागतो तो पोहोचल्यावर: पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यातूनच बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, विमा, भाडेभत्ता (भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) सगळं त्याच्यावर चालतं. जो घरमालक 'इथे पत्ता नोंदवता येणार नाही' म्हणतो, त्याची खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नोकरीचं गणित घराच्या गणिताशी जोडलेलं आहे. भारतीय पासपोर्टवर विद्यार्थी म्हणून आठवड्याला 16 तास काम करता येतं, किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ, दोन्हींपैकी एकच. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्याने काढायचा असतो आणि त्याला काही आठवडे लागतात, त्यामुळे 'सोमवारपासून ये' म्हणणाऱ्याला आधी परवान्याचं विचारा. (पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकारांना यातलं काहीच लागत नाही.) काम सुरू झालं की तिथला मूलभूत आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो; भारतातून नेलेला विद्यार्थी-विमा तेव्हा चालत नाही. हा खर्च दर महिन्याच्या हिशेबात आधीच धरा. पगाराची प्रत्येक पावती आणि वर्षाअखेरचं पगारपत्रक जपून ठेवा. सर्वसाधारण सामाजिक घरासाठी गृहसंस्था उत्पन्न तपासते. आयकर खात्याचा उत्पन्नाचा दाखला नव्याने आलेल्या माणसाकडे नसतोच, मग या पावत्याच दाखवाव्या लागतात.

काही सामायिक घरांमध्ये रांग चालतच नाही. रिकाम्या खोलीसाठी दहाबारा जणांना एका संध्याकाळी बोलावतात, आणि नवा भाडेकरू घरातलेच विद्यार्थी निवडतात. याला हॉस्पिटेरेन म्हणतात. आपली मुलं इथे इंटरव्ह्यूला गेल्यासारखी सीजीपीए सांगत बसतात. त्या लोकांना हवं असतं ते वेगळंच: भांडी घासणार का, रात्री शिफ्टवरून किती वाजता येणार, सगळ्यांसोबत जेवणार का. कामाच्या वेळा सरळ सांगा. शाकाहारी असाल तर तेही सांगा, लाजण्यासारखं काही नाही. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी आमटी-भात करीन असं म्हणणारा लक्षात राहतो. 'केवळ डच बोलणारे' असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

खोली निवडताना भाडेभत्त्याचा विचार आधी करा. तो साधारणपणे स्वतःचं दार, स्वतःचा ओटा आणि स्वतःचा संडास असलेल्या घरालाच मिळतो. सामायिक स्वयंपाकघराच्या खोलीला, काही ठरावीक संकुलं सोडली तर, नाही. म्हणजे थोड्या जास्त भाड्याचा स्टुडिओ हातात पडताना स्वस्त ठरू शकतो. मात्र भत्ता अंदाजे उत्पन्नावर आगाऊ मिळतो. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून कमाई वाढली आणि ती कळवली नाही, तर पुढे परतफेडीचं पत्र येतं.

पैसे पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. जुलै 2023 पासून अनामत मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि घरमालकाने नेमलेल्या एजंटला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. खोली न दाखवता परदेशी खात्यात अनामत मागणारा 'मालक' सरळ ब्लॉक करा.

विद्यार्थी-घराचा करार बहुधा कॅम्पस कॉन्ट्रॅक्ट असतो: दरवर्षी शिकत असल्याचा पुरावा द्यायचा, आणि शिक्षण संपलं की साधारण सहा महिन्यांत घर सोडायचं. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी वर्षभराचा परवाना मिळतो, घर मात्र त्याआधीच जातं. त्यानंतरच्या घरासाठी ॲमस्टरडॅम परिसरात राहणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात वोनिंगनेट या सामाजिक घरांच्या संकेतस्थळावर वेगळं नाव नोंदवावं. तिथे 2023 पासून गुणांची पद्धत आहे: दर वर्षाच्या प्रतीक्षेला एक गुण, आणि महिन्यात किमान चार घरांना अर्ज केले की आणखी एक, असे 30 पर्यंत. नुसतं नाव नोंदवून बसणाऱ्याला त्यामुळे फारसं काही मिळत नाही. आणि या नोंदणीचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं, ते चुकलं तर साठलेली वर्षं जातात. फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.