दुही माजवणाऱ्या नेत्याला आपला माणूस मत का देतो, हे समजून घ्यायचंय? मग असं करून बघा

हे मी मामाकडून शिकलो, तेही पंधराएक वर्षं त्याच्याशी भांडून झाल्यावर. मामा परळच्या चाळीतला, शिवसेनेचा एकदम सुरुवातीपासूनचा मतदार.

पहिलं म्हणजे "तू यांना मत देतोसच कसा?" हा प्रश्न बंद करा. मी तो विचारला की मामा चहा अर्धा टाकून गॅलरीत जाऊन उभा राहायचा, कारण त्यात मी निकाल आधीच दिलेला असायचा ना. त्याऐवजी विचारा, "पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलास तो कधी आणि कशासाठी?" आणि मग गप्प बसा, हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड आहे.

मामाने सांगितलं ते असं. 1966 साल, तो मॅट्रिक झालेला, टायपिंगचा क्लास केलेला, आणि जिथे इंटरव्ह्यूला जाईल तिथे टेबलामागे दक्षिणेकडचा साहेब. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराच्या वर माणसं गेली, 1960 ला मुंबईसकट राज्य मिळालं आणि ऑफिसात शिरायला मात्र जागा नाही. तेव्हा बाळासाहेब ठाकरेंच्या 'मार्मिक' साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' म्हणून मोठमोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या. मामा म्हणाला, "मी बोट ठेवून मराठी आडनावं मोजायचो, एका हाताची बोटं पुरायची." बस, त्याच्या मनात जे चाललं होतं ते कुणीतरी छापून दिलं, तेही नावानिशी.

आता कागद घ्या आणि दोन रकाने पाडा, खरंच पाडा, डोक्यात नको. डावीकडे दुखणं लिहा, उजवीकडे नेत्याने दाखवलेला गुन्हेगार. मामाच्या डाव्या रकान्यात नोकरी, खोली आणि मान. उजव्यात आधी लुंगीवाले, मग कम्युनिस्ट, मग मुसलमान, आणि 2008 ला मनसेच्या आंदोलनाच्या वेळी यूपी-बिहारचे भैये (तेव्हा मामा मनाने तिकडे गेला होता). दरम्यान 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत आणि पुढे त्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. आता गिरणी काय कुठल्या मद्रासी कारकुनाने बंद केली होती? पण गिरणीमालकाच्या अंगावर जाण्यापेक्षा उडपी हॉटेलवर दगड मारणं सोपं. उजवा रकाना बदलत गेला आणि डावा जसाच्या तसा राहिला, हे कागदावर समोर दिसलं की भाषण कसं काम करतं ते कळतं.

मग भाषण बाजूला ठेवून शाखा बघा, म्हणजे सेनेचं गल्लीतलं ऑफिस. आम्ही शिकलेले लोक इथेच चुकतो, आपण जाहीरनामा वाचतो आणि तो माणूस फोन कुणी उचलला ते बघतो. मामीला रात्री दोनला दम लागला तेव्हा शाखेची ॲम्ब्युलन्स आली, चाळीचा नळ फुटला तेव्हा शाखेतलीच पोरं आली, शाळेची ॲडमिशन, गणपतीची वर्गणी, सासू-सुनेचं भांडण, सगळं तिथेच. मामा म्हणतो, "तुझे पुरोगामी चांगले आहेत रे, पण राहतात कुठे?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण सगळं गरिबीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही हं. उडप्याच्या बशा फुटल्या ते सांगताना मामा हसतो, "मजा यायची रे," म्हणतो. दुसऱ्याला घाबरवण्यात मजा असते आणि ती मत देताना सोबत जाते, आणि दोन फ्लॅट असलेला डॉक्टरसुद्धा ती घेतो, त्याला ना नळ हवा असतो ना नोकरी. हे ऐकलं की आपल्याला कसंतरी होतं, तरी ऐकायचं, आणि पटत नाही हे तोंडावर सांगायचं, पण शांतपणे.

शेवटी, तो जिथे थांबतो ती जागा लक्षात ठेवा. 1992-93 च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने सेनेवर ठपका ठेवला, आणि त्याआधीच 1995 ला सेना-भाजप युतीचं सरकार आलेलं होतं, त्यात मामाचंही मत होतं. बाकी सगळं तो तासन् तास सांगतो. हे काढलं की म्हणतो, "पंखा जरा वाढव रे."