एका माणसापुरता फ्रीझर: दोन आठवड्यांची तयारी

एकट्या माणसाला एक वाटी उसळ हवी असली तरी कुकर तेवढाच धुवावा लागतो आणि कांदा तितकाच चिरावा लागतो. रात्री नऊला दमून घरी आलं की हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. पुण्यात एकटी राहायला लागून मला सात वर्षं झाली; त्यातली पहिली दोन अशीच गेली.

साठवलेलं ते शिळं, असं आई म्हणते आणि मला ते पटतं. म्हणून मी फ्रीझरमध्ये तयार जेवण ठेवत नाही. निवडणं, शिजवणं, वाटणं ही वेळखाऊ कामं एका रविवारी उरकते आणि फोडणी मात्र त्या त्या दिवशी ताजी घालते. हिंग-मोहरीचा वास घरात दरवळला की जेवण ताजंच लागतं. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

सुरुवात शुक्रवारी फ्रीझर रिकामा करण्यापासून. एका दाराच्या छोट्या फ्रीजमधला फ्रीझर म्हणजे दोन वह्यांएवढी जागा, त्यात भिंतींवर बर्फ साचलेला. बर्फ काढून टाका, तळाला महिनोन् महिने पडलेलं काही असेल तर फेकून द्या. शक्य असल्यास फ्रीझरचा थर्मामीटर आणा. उणे १८ अंश सेल्सिअस हे खरं माप. तेवढं गार होत नसेल तर साठवलेलं दोन-तीन आठवड्यांत संपवायचं, महिन्यांची गणितं करायची नाहीत. त्याच रात्री २५० ग्रॅम मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी ती उपसून ओल्या फडक्यात बांधली की रविवारपर्यंत छान मोड येतात. शनिवारी रात्री २०० ग्रॅम राजमा किंवा छोले भिजवा. तूरडाळ २५० ग्रॅम घरात आहे ना, ते पाहून घ्या.

एवढंच का, तर हिशोब सरळ आहे. एका जेवणाला साधारण ५० ग्रॅम कोरडं कडधान्य किंवा डाळ धरली की ७०० ग्रॅमचे १४ डबे होतात, दोन आठवड्यांची रात्रीची जेवणं. ५० ग्रॅम कडधान्यातून ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅमचं आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ ५० ग्रॅम. एकटं राहणाऱ्याच्या ताटातून सगळ्यात आधी गळतात ती डाळ-उसळच, कारण त्यांना आदल्या दिवशी आठवण ठेवावी लागते. म्हणून माझ्या फ्रीझरमध्ये पहिला मान कडधान्यांचा.

शनिवारच्या मंडईत पालकाच्या दोन जुड्या, फरसबी, गाजर, एक नारळ, आलं, लसूण, मिरच्या घ्या आणि थंडीचे दिवस असतील तर मटार. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर हे दोन-तीन दिवसांपुरतंच, कारण कोशिंबीर रोज ताजीच व्हायची. फ्रीझरला तिथे काही काम नाही.

रविवारी सकाळी शेगडी रिकामी बसू देऊ नका. राजमा कुकरला चढवा आणि तो बोटाने दाबल्यावर पिठासारखा व्हायलाच हवा. कच्चट राजमा पोट चांगलंच बिघडवतो. मटकी मात्र नुसती आठ मिनिटं वाफवा, ती फोडणीत पुन्हा शिजणार आहे. तूरडाळ हळद-हिंग घालून घट्ट शिजवा आणि घोटून ठेवा. पाणी कमी ठेवलं की डबा लहान लागतो आणि नंतर हवं तसं सैल करता येतं. याच घट्ट वरणातून एके दिवशी तूप-लिंबाचं साधं वरण, एके दिवशी गोडा मसाला आणि चिंच-गूळ घालून आमटी, एके दिवशी डाळ-पालक. दोन आठवड्यांत कंटाळा येत नाही तो यामुळेच. मीठ यातल्या कशातही घालत नाही.

तोपर्यंत दुसऱ्या शेगडीवर पाण्याला उकळी आणा. पालक, फरसबी, गाजर, मटार एकेक करून दोन-तीन मिनिटं त्यात टाकायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. असं केलं नाही तर भाज्यांचा रंग आणि चव फ्रीझरमध्येही हळूहळू उतरत जाते. पाणी पूर्ण निथळू द्या, नाहीतर भाजीचा दगड होतो.

मग वाटणं. कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण फ्रीझरमध्ये इतकं चांगलं राहतं की रविवारी दुसरं काही जमलं नाही तरी मी हे करतेच. बर्फाच्या साच्यात भरा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढा आणि एका उसळीला दोन वड्या टाका. आलं-लसूण-मिरचीचंही तसंच. नारळ खवून चपट्या पिशवीत ठेवला की चिमूटभर मोडून घेता येतो. अळूवडीचे किंवा कोथिंबीर वडीचे उंडे उकडून ठेवता येतात. पाहुणे आले की कापायचे आणि तव्यावर परतायचे.

काय ठेवायचं नाही तेही सांगते. बटाटा रवाळ होतो, म्हणून रस्सा ठेवायचा असेल तर बटाट्याशिवाय. नारळाच्या दुधाची आमटी आणि दह्याची कढी फुटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. पनीर ठेवलंत तर ते भुसभुशीत होतं, कोमट पाण्यात घालून थोडं सावरतं. पोळ्यांच्या मध्ये बटर पेपर घालून दहा-बारा ठेवा आणि थेट तापलेल्या तव्यावर टाका. भाकरी ताजीच करा. एकटीची भाकरी दहा मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते गार करण्याकडे. आमच्यापैकी अनेक जण कुकरच ओट्यावर रात्रभर ठेवतात, आणि पोट बिघडण्याचं मूळ तिथेच असतं. शिजलेलं अन्न परातीत पसरा, वर पंखा लावा. डाळीचं भांडं गार पाण्याच्या तसराळ्यात ठेवून ढवळत राहा. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि पुरतं गार झाल्यावरच फ्रीझरमध्ये. कोमट डबा शेजारच्या गोठलेल्या डब्यांनाही वितळवतो.

एका डब्यात एकच जेवण, हा नियम मोडू नका. मोठा डबा वितळवून उरलेलं पुन्हा गोठवायचं नसतं. पाणी गोठताना फुगतं म्हणून वर बोटभर जागा सोडा. काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. स्टीलचा डबा चालतो, फक्त त्याचं झाकण अडकून बसतं. छोट्या फ्रीझरला सगळ्यात सोयीच्या म्हणजे चपट्या केलेल्या पिशव्या, पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. कागदी चिकटपट्टीवर नाव आणि तारीख लिहा आणि मीठ घातलंय की नाही तेही. पट्टी डबा कोरडा असतानाच लावा. फ्रीजच्या दारावर यादी ठेवा आणि डबा निघाला की त्यावर काट मारा.

रोजचं काम मग एवढंच: उद्याचा डबा आज रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा. विसरलात तर थेट कढईत घाला, अर्धी वाटी पाणी, झाकण आणि खळखळून उकळी. दिवसभर ओट्यावर वितळत ठेवू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, म्हणून गुरुवारचा डबा बुधवारीच काढते आणि त्या दिवशी फ्रीझरचं दार उघडतच नाही. गणपतीला गावी जाताना एका वाटीत बर्फ गोठवून त्यावर एक रुपया ठेवून जाते. परत आल्यावर रुपया तळाशी दिसला तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग काही हळहळ न करता टाकून द्यायचं.

शेवटचे दोन डबे या १४ मध्ये धरू नका. एका पावसाळ्यात तापाने चार दिवस अंथरुणाला खिळले होते. पाणी प्यायला उठतानाही भिंत धरावी लागत होती आणि घरात खाण्यासारखं होतं ते टोस्ट. तेव्हापासून मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, हळद आणि जिऱ्याची, मीठ घातलेली, दोन छोट्या डब्यांत भरून असते. भात शिजल्यावर बाहेर राहिला तर लवकर बिघडतो, म्हणून ती ताटात पातळ पसरून सगळ्यात आधी गार करते. दर महिन्याला जुने डबे खाऊन टाकून नवे भरते. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘आजारपण’ लिहिलेलं आहे आणि हे डबे वरच्या बाजूला उजवीकडे असतात, हे शेजारच्या काकूंना माहीत आहे. घराची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच आहे.