होशेयाचे पुस्तक वाचताना या चुका टाळा

बायबलच्या जुन्या करारातील होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात अवघे 14 अध्याय आहेत, तरी ते वाचताना बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. कोणाला त्यात फक्त संतापलेला देव दिसतो, तर कोणी शेवटच्या अध्यायातले ‘मी इस्राएलला दहिवरासारखा होईन’ हे वचन तेवढे मनाशी धरून मधला न्यायनिवाडा चाळून पुढे जातो. न्याय आणि प्रीती अशी वाटणी करून हे पुस्तक वाचणे, हीच सर्वांत मोठी चूक आहे.

दुसऱ्या अध्यायातला ‘म्हणून’ हा शब्द पाहा. हिब्रूत तो ‘लाखेन’ असा आहे आणि संदेष्ट्यांच्या लेखनात आरोप संपवून शिक्षा सांगताना तो वारंवार येतो. इथे परमेश्वर इस्राएल राष्ट्राला बेइमान पत्नी मानून बोलतो आणि हा शब्द तीनदा येतो. तिने प्रियकरांची वाट धरली, म्हणून मी तिच्या वाटेवर काट्यांचे कुंपण घालीन. धान्य, द्राक्षारस, तेल देणारा मीच, हे तिने ओळखले नाही, म्हणून मी ते परत घेईन. मग आरोपाचा कळस होतो: ती बआल नावाच्या कनानी दैवतांच्या मागे गेली आणि मला विसरली. आता सर्वांत कठोर शिक्षा येणार असे वाटत असतानाच तिसरा ‘म्हणून’ येतो, आणि परमेश्वर म्हणतो की मी तिचे मन वळवीन, तिला अरण्यात नेईन आणि तिच्या अंतःकरणाशी बोलेन. रूथच्या पुस्तकात बवाजाने परक्या रूथला धीर दिला तिथेही हिब्रूत हाच वाक्प्रचार आहे. येथे प्रीती शिक्षेच्या जागी येत नाही. कुंपण आणि अरण्य हीच तिला परत आणण्याची वाट ठरते. हे तीन ‘म्हणून’ सलग वाचल्याशिवाय या अध्यायावर बोलू नये.

दुसरी चूक मला फार अस्वस्थ करते. याच अध्यायातील नग्न करण्याची धमकी उचलून घरातल्या स्त्रीला धाक घालणे, हा या वचनांचा उघड दुरुपयोग आहे. रूपकातली ‘पत्नी’ म्हणजे संपूर्ण राष्ट्र आहे, आणि त्यात राजे, याजक व सरदार हेच प्रमुख आरोपी आहेत. चौथ्या अध्यायात तर परमेश्वर स्पष्ट सांगतो की तुमच्या कन्यांना व सुनांना मी शासन करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात. हे 14वे वचन वगळून होशेयाची पत्नी गोमर हिच्यावर प्रवचन करणाऱ्याने संदेष्ट्याचे म्हणणे अर्धेच ऐकलेले असते. गोमरच्या मनात काय होते, हेही मजकूर सांगत नाही. तिसऱ्या अध्यायात पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर (धान्याचे माप) जव देऊन होशेयाने जिला विकत घेतले, तिचे नावसुद्धा तिथे नाही. म्हणून तिच्या आयुष्याची कादंबरी रचून ती तिच्या पदरात घालू नये.

बेइमानी म्हणजे केवळ मूर्तिपूजा, असेही समजू नका. राजा दुसरा यराबाम याच्यानंतर, इ.स.पू. 722च्या सुमारास राजधानी शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडेपर्यंत, इस्राएलच्या चार राजांचे खून झाले. मनहेम राजाने अश्शूरच्या राजाला हजार किक्कार (वजनाचे मोठे माप) चांदी दिली. कधी मिसर (इजिप्त), कधी अश्शूर अशा या धावपळीला होशेय भोळ्या कबुतराची उपमा देतो. खोटी शपथ, खून आणि चोरी ही त्याच्या आरोपपत्रात बआलाइतकीच ठळक आहेत.

सहाव्या अध्यायाच्या आरंभीचे ‘चला, आपण परमेश्वराकडे परत जाऊ’ हे शब्द एकटेच वाचू नयेत. तिथे पापाची कबुली नाही, दोन-तीन दिवसांत सारे ठीक होईल अशी खात्री मात्र आहे. आणि लगेच उत्तर येते की तुमची निष्ठा सकाळच्या धुक्यासारखी विरते. खरी कबुली 14व्या अध्यायात आहे. रोश हशाना (यहुदी नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्यामधल्या शब्बाथाला यहुदी सिनेगॉगांत तीच वाचली जाते. हिब्रू प्रतीत मात्र ती 14:2ला सुरू होते, कारण काही ठिकाणी वचनांचे क्रमांक मराठी प्रतीपेक्षा वेगळे आहेत. संदर्भ जुळला नाही तर आधी हे तपासा.

11व्या अध्यायात न्यायाधीशाचे मन कळवळले आणि शिक्षा रद्द झाली, असे समजणे ही शेवटची चूक. ‘हे एफ्राइमा, मी तुला कसा सोडू? तुला अदमासारखे कसे करू?’ एफ्राइम म्हणजे इथे इस्राएल राष्ट्रच, आणि अदमा हे सदोमाबरोबर नष्ट झालेले नगर होते. उत्पत्तीत सदोम उलथून टाकल्याचे सांगताना जे क्रियापद वापरले आहे, तेच इथे परमेश्वर स्वतःच्या अंतःकरणाविषयी वापरतो: माझे अंतःकरण माझ्यात उलथले आहे. नगरावर जे यायचे ते आधी त्याच्या हृदयावर येते. आणि तरीही 13व्या अध्यायाच्या अखेरीस शोमरोनवर तलवार येतेच, आणि त्यानंतरच्या वचनात तो इस्राएलला परत बोलावतो.