युरिक अ‍ॅसिड असं आटोक्यात आलं

नागपूरच्या मे महिन्यात घामावाटे पाणी जातं आणि युरिक अ‍ॅसिड चढतं. अशाच उन्हाळ्यात माझ्या पायाचा अंगठा सुजला. युरिक अ‍ॅसिड वाढून होणारी ही सांध्याची सूज म्हणजे गाऊट. चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचा आकडा ९.२ होता. आधी सूज उतरवली, मग डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवलं. लक्ष्य ६ च्या खाली.

गोळी सुरू केल्यावर सुरुवातीला पुन्हा दुखू शकतं, म्हणून सोबत ते दुखणं रोखणाऱ्या कोल्चिसिनचा छोटा डोस होता. त्या दुखण्याला घाबरून गोळी सोडू नका, हे कळकळीनं सांगतो. अंगावर पुरळ आलं तर मात्र अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

सावजी मटण, कलेजी, बिअर, कोल्ड्रिंक सोडलं. तुरीचं वरण रोज खातो. लोक उगाच डाळीला दोष देतात. आता आकडा ५.४, गोळी चालूच आहे.